अंतरपाटामागचा मामा

सापगाव, ता. शहापूर
१२ एप्रिल २०२५

ती. रंभाताईस,
शेखरचा वाकून नमस्कार. वाकता येतं आता, एवढी प्रगती समज.

दिशाच्या लग्नाची पत्रिका मिळाली. कागद इतका जाड की दामिनीने त्यावर गरम पातेलं ठेवलं. फोन करत नाही, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि अर्धं मुरबाड ऐकतं. हे एकटीने वाच.

मी लग्नाला येत नाही, हा निरोप पोचला असेल. नातेवाइकांनी ठरवलंय की पत्रिकेत नाव खालच्या ओळीत छापलं म्हणून मामा रुसला. मी ते खोडून काढलं नाही. रुसलेल्या मामाला मान असतो. ओल्या मामाला नसतो.

गेल्या वर्षी पेंढा रचताना पडलो, मणक्याचं ऑपरेशन झालं, चालू लागलो. गाव म्हणालं, शेखर बरा झाला. पण कमरेतल्या नसा दुखावल्या त्या दुखावल्याच. लघवी साठलेली कळत नाही, नीट उतरतही नाही. भरून वाहिली की कळतं. साखरपुड्यात मी ताटावरून उठलो तेव्हा तू म्हणालीस, "शहापूरकरांना आमची भाजी नाय आवडली!" भाजी चांगली होती गो. पँट भिजली होती.

तेव्हापासून कुठे जायचं असलं की मी आदल्या दिवसापासून पाणीच पीत नाही. काय ही हुशारी! मग थंडी वाजून ताप चढला. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी पाहिली आणि त्यांचं हसू गेलं. "काका, लघवी मागे फिरून किडन्या सुजल्यात. पाणी प्या, आणि दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच्या हाताने नळी घालून पोटातली लघवीची पिशवी रिकामी करा. नाहीतर पुढे डायलिसिस आहे. नळीला घाबरू नका, मैत्रीण समजा."

म्हटलं, "बाई, असली मैत्रीण बायकोसमोर घरी कशी नेऊ?"

दामिनी हसली नाही. तेव्हा मी खरा घाबरलो.

आता शिकतोय. हात धुवायचे, नळीला जेल लावायचं, नळी हळूहळू सरकवायची. दामिनी बाहेरून विचारते, "अवो, झालं का?" एकदा रक्त दिसलं आणि मी चक्क आईला हाक मारली. साऱ्या गावाची टिंगल करणारा तुझा भाऊ न्हाणीत नळी धरून रडतो.

मरणाची भीती आहेच. पण डोळ्यांसमोर येतं ते दुसरंच. अंतरपाट धरलेला, मी दिशाच्या मागे उभा, भटजींच्या हाती माईक आल्यामुळे मंगलाष्टकं संपत नाहीत, आणि माझ्या पायावरून ऊन ओघळ उतरतोय. समोर सगळे मोबाईल. पोरीच्या लग्नाच्या व्हिडिओत मी जन्मभर तसाच राहायचा.

काल तिचा फोन आला. "मामा, तू नाय आलास तर मी एकटी उभी राहीन. मागे दुसरा कोण नको." आणि ठेवला. तुझीच पोर.

म्हणून विचारतो. मांडवाजवळ नळ असलेली, आतून कडी लागणारी एखादी खोली आहे का? मंगलाष्टकांआधी थोडा वेळ मला तिथे सोडा, दार कुणी वाजवू नका. दामिनी बाहेर थांबेल, तिला खुर्ची दे.

आहे की नाही, तेवढंच कळव. 'काळजी करू नको' असं मात्र लिहू नकोस.

खोली असेल, तर घरून पोटभर पाणी पिऊन निघेन.

तुझा भेदरलेला भाऊ,
शेखर