दगडावरचं एकोणीस

हार्लो, नेब्रास्का
नोव्हेंबर २००४

प्रिय मर्ल,

तुझं पत्र येऊन उन्हाळा उलटला. ट्युसॉनला ये, लग्न करू, असं तू सरळ लिहिलंस आणि मी अजून गप्प. चिडला असशील. उत्तर आज देणार आहे, पण आधी गावची खबर ऐक. नाहीतर उत्तर वाचशील आणि पत्र बाजूला ठेवशील, मी ओळखते तुला.

आपली कौंटीची कचेरी गेली. मतदान झालं, दोन कौंट्यांची एक झाली आणि सगळा कारभार नदीपलीकडच्या केम्पला गेला. हो, केम्पलाच. एकेकाळी तुझ्या आजोबांनी आणि त्यांच्या टोळक्याने गोठलेल्या नदीवरून केम्पची तिजोरी आणि दप्तरं पळवून आणली, तबेल्यात ठेवली आणि सकाळी जाहीर केलं की आजपासून कौंटीचं मुख्य गाव आम्ही. दर स्वातंत्र्यदिनाला, चार जुलैला, तू ती गोष्ट सांगायचास आणि दरवर्षी तिजोरी थोडी जड व्हायची. ती परत न्यायला केम्पवाल्यांनी काय आणलं असेल? एक ट्रक आणि सहीचा कागद. दगड मारणं दूरच, आपल्या लोकांनी त्यांच्यासाठी दार उघडं धरलं. आम्ही कॅफेच्या खिडकीतून बघत होतो. डेल्मर म्हणाला, "आपले आजे चोर होते, पण निदान त्यांच्यात धमक होती. आपण मेले सज्जन निघालो."

कचेरीच्या घुमटावरचं घड्याळ चालू आहे अजून. किल्ली देणाऱ्याचा पगार बंद झालाय, त्यामुळे तेही किती दिवस चालेल कोण जाणे. चौकातली एल्मची झाडं तर तू असतानाच रोगाने गेली. मला खरी आठवण येते ती शनिवारच्या संध्याकाळची. चौकाकडे तोंड करून गाडी लावायला मिळावी म्हणून ग्लेन दुपारीच गाडी लावून चालत घरी यायचा, आणि जेवून आम्ही नवराबायको पुन्हा त्याच गाडीत जाऊन बसायचो, फक्त येणारे-जाणारे बघायला. शेजारच्या गाडीत तू आणि तुझी व्हर्ना. ती खिडकीतून शेंगदाण्यांची पुडी पुढे करायची. कोण कोणाबरोबर फिरतंय, कोणाच्या बायकोने नवा कोट घेतला, सगळे निकाल तिथेच लागायचे. कचेरीतला जज्ज नावाला. परवा शनिवारी मी एकटीच गाडी लावून बसले. बऱ्याच वेळाने एक कुत्रं गेलं, तेही केम्पच्या दिशेने.

एकट्या डेल्मरच्या धंद्याला मरण नाही. थडग्यांचे दगड घडवायला बापाकडून शिकला, आता कौंटीबाहेरूनही लोक येतात. त्याच्या बापाची अक्कल मात्र तुला माहीत आहे. नवऱ्याचा दगड करतानाच बायकोचं नाव आणि जन्मसाल कोरायचं, आणि पुढच्या खेपेचे कष्ट वाचावेत म्हणून मृत्यूच्या सालातलं १९ सुद्धा आधीच कोरून ठेवायचं. ग्लेनच्या शेजारी माझं तसंच कोरलं. व्हर्नाच्या शेजारी तुझं. म्हातारी माणसं शतक ओलांडतील हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही. दोन हजार साल उजाडल्यापासून मी कॅफेत शिरले की डेल्मर ओरडतो, "अगं लिओटा, मुदत संपली तुझी." मीही म्हणते, "तुझ्या बापाला जाऊन सांग."

हसण्यावारी नेतो आपण, पण त्या दोन दगडांनी आपलं किती अडवलं, मर्ल. व्हर्ना गेल्यावर तू रोज सकाळी माझ्यासमोर कॉफी घेऊन बसायचास. तू कधी हात पुढे केला नाहीस, मीही केला नाही. आपापल्या माणसाशेजारी नाव कोरून झालेलं, सगळ्या गावाने ते रविवारी फुलं ठेवताना वाचलेलं. या गावात ते लग्नापेक्षा पक्कं. तू ट्युसॉनला मुलीकडे राहायला गेलास तेव्हा मी गाडीपर्यंत पोचवायलाही आले नाही. खिडकीशी उभी राहून रडले, हे तुला कोणी सांगितलं नसेल.

गेल्या महिन्यात मी डेल्मरला म्हटलं, माझं एकोणीस बुजव आणि वीस कर. तो हसला. म्हणाला, "एवढी कसली घाई? चार वर्षं थांबलीस ना?" मी पर्समधून पैसे काढून त्याच्यासमोर मोजून ठेवले. मग त्याने हसणं थांबवलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

तर उत्तर. केम्पच्या इस्पितळात गेले होते. आता मरणाची बातमी आणायलासुद्धा केम्पलाच जावं लागतं. पोटातलं दुखणं पसरलंय. वसंत ऋतू बघशील असं डॉक्टर म्हणत नाही. तुझं पत्र आलं तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि मी 'हो' म्हणणार होते. बॅग माळ्यावरून खाली काढली होती, फक्त 'हो' लिहायला शब्द जुळत नव्हते. या वयात लाज वाटते रे. ते 'हो' तुला कळल्याशिवाय मला जायचं नव्हतं, म्हणून हे पत्र. आता मात्र मी येत नाही. तुला दुसऱ्यांदा विधुर करायला मी ट्युसॉनपर्यंत प्रवास करणार नाही. तूही येऊ नकोस. तुझ्या छातीला ही थंडी सोसत नाही, आणि मला ग्लेनजवळ ठेवताना तू तिथे पाहुण्यासारखा उभा असावास, हे मला नको आहे.

दगडावर काहीही लिहिलेलं असो,
तुझीच,
लिओटा