तंबूतली बोली

बा,

रामराम. शाळेसाठी तू मले रिठद गावाले ज्या शालिग्रामकाकाजवळ ठेवलं, त्यायनं काल वाशीमले तंबूत सिनेमा दाखवला. त्यात आपल्यासारख्या बंजारा तांड्यावरच्या एका पोराले एक शेठ पोसते. "मर्द रडत नाई," शेठ त्याले म्हनते. पोरगं रडत रडत आपल्या बंजारा बोलीच्या नावानं कायबी बरळलं की सारा तंबू हासे. मीबी हासलो.

येतानी बैलबंडीत काकानं इचारलं, "तुमच्या तांड्यावर असंच बोलतात काय रे?"

"नाई."

"मंग कसं?"

मी तोंड उघडलं, तं त्या सिनेमातल्या पोराचंच बोलनं बाहेर आलं.

काका म्हनले, "मंग सिनेमा खराच हाये."

मी रडलो नाई.

बा, आपन कसं बोलत होतो? तू कोन्या सडकेवर खडी फोडून राह्यला, मले ठाव नाई. भेटशीन तवा पयले तूच बोल. मी आयकतो.

तुहा,
लखीराम