रविवारी पाहतो

आई, तुझा कॉम्प्युटर आता बारा सेकंदांत सुरू होतो. गेल्या आठवड्यात मी त्याला एसएसडी बसवला. तुझ्या त्या घरघर करणाऱ्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी ही एक पातळ डबी. आत फिरणारं काही नाही, त्यामुळे आवाज नाही आणि वाट पाहणंही नाही. चार स्क्रू, दोन वायरी, वीस मिनिटांचं काम आणि वर विंडोज टाकायला तासभर. एवढ्यासाठी मी तुला दीड वर्ष रविवार दाखवला आणि तू गेल्यावर नऊ वर्षं स्वतःला दाखवत राहिलो. तेव्हाही मी धरमपेठेच्या दुकानात रोज असे दोन-तीन ड्राइव्ह लोकांच्या मशीनमध्ये बसवत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्या घरात होता, आणि मी स्वतःलाच दिवा समजत होतो.

हुडकेश्वरच्या घरात तुझं टेबल स्वयंपाकघरात, ओट्यासमोर, कारण भरवशाचा प्लग तेवढाच. सकाळी तू आधी मशीनचं बटण दाबायचीस, मग डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावायचीस. "दोन्ही संगच होते," म्हणायचीस. कुकर बहुतेक आधी व्हायचा. लोक अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नाचे बायोडाटा टाइप करून घ्यायला यायचे. एकदा काटोलहून बसने आलेला एक म्हातारा त्या काळ्या पडद्याकडे बघून बघून कंटाळला आणि म्हणाला, "काय वं बाई, तुहं मशीन मेलं का?" तू त्याच्यापुढे चहा ठेवलास. "बसा गा, जाग येऊन राहिली त्याले." आम्ही तिघंही हसलो होतो. मी तेव्हा दाराशी बूट घालत होतो, दुकानात जायला उशीर होत होता म्हणून चिडलेलोही होतो.

संध्याकाळी मी परत आलो की तू एकदाच विचारायचीस, "माह्या मशीनले पाह्यतं का रे आज?" मी म्हणायचो, रविवारी पाहतो. "तुहा रविवार कोन्या कॅलेंडरात हाये, ते तरी सांग." तू हसत म्हणायचीस, म्हणून मला ते टोचायचं नाही. शेवटी एकदा वैतागून मी तुला तेच सांगितलं जे गिऱ्हाइकांना टाळायला सांगतो. काय काय त्रास आहे तो नीट लिहून ठेव, एकदम पाहतो. तू ते खरं धरलंस. आठ दिवसांनी म्हणालीस, "लिहून ठेवलं हाये मशीनमध्येच. पाह्यजो." मी बरं म्हणालो. आणखी एकदा आठवण करून दिलीस, तेव्हाही बरंच म्हणालो.

मग तो गुरुवार. कुकरच्या शिट्ट्या थांबत नाहीत म्हणून शेजारच्या काकू आत आल्या, तेव्हा तू खुर्चीतच होतीस. मशीन अजून सुरू होत होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, आधी काही सांगत होत्या का? दम लागतो, डावा हात दुखतो, असं काही? मी म्हणालो, नाही, काहीच नाही, माझी आई कधी कुरकुर करायची नाही. मी ते अभिमानाने म्हणालो होतो, आई.

तुझी नात आता नववीत आहे. तिला घरी मशीन हवं होतं, म्हणून तुझं माळ्यावरून खाली काढलं. नेहमीच्या हाताने फायली बाजूला काढल्या, नव्या ड्राइव्हवर कोरं विंडोज टाकलं, फायली परत भरल्या आणि जुनी डिस्क पुसून टाकली. फॉन्ट काढून ठेवायला विसरलो. मराठी टायपिंगवाल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी आधी फॉन्टचं विचारतो, कारण तो जुना फॉन्ट नसला की सगळं मराठी इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन समोर येतं. तुझ्याच बाबतीत विसरलो. पोरीने एक फाइल उघडली आणि म्हणाली, "बाबा, आजी हे कोणत्या भाषेत लिहायची?" फाइलचं नाव होतं ‘रविवार’.

तसा फॉन्ट शोधला असता तर मिळालाही असता. पण मी तो कचरा बघत बसलो आणि माझी बोटं आपोआप कीबोर्डवर गेली. दहावीच्या सुट्टीत तूच शिकवलं होतंस, हातावर टॉवेल टाकून, खाली बघितलं की पट्टी. "बोटाइकडं काहून पाहून राहिला? त्याइले ठावं हाये कुठं जायचं ते." डीच्या बटणावर क, केच्या बटणावर काना, ईच्या बटणावर म. समोर डी, के, ई दिसलं की बोटं सांगायची, काम. असं एकेक अक्षर मी बोटांनी वाचत गेलो आणि पोर वहीत उतरवत गेली. बोलताना तू आपली बोली बोलायचीस, पण टाइप करायला बसलीस की अर्जाची मराठी. यादीतही तीच होती, आकडे घालून.

एक, सुरू होण्यास चौदा मिनिटे लागतात. दोन, मोठी फाइल उघडताना अडकते. तीन, प्रिंट देताना बंद पडते, पुन्हा पहिल्यापासून. इथवर मी मान हलवत होतो, मला माहीतच होतं सगळं. चार, वाट पाहत बसले की डाव्या हाताला मुंग्या येतात. पोरीने लिहिता लिहिता माझ्याकडे पाहिलं. पाच, काल मशीन सुरू होईपर्यंत घाम फुटला, ओट्याला धरून उभी राहिले, तू घाईत होतास म्हणून बोलले नाही.

तू सांगितलं होतंस, आई. जिथे मी सांगायला सांगितलं तिथेच सांगितलं होतंस. पडद्याच्या एका पानावर, मोठ्या अक्षरांत, मला चष्मा लागला नव्हता त्या दिवसांत. मी डॉक्टरांशी खोटं बोललो आणि ते खोटं आहे हे मला नऊ वर्षं कळलं नाही. मला स्वतःची लाज वाटते. पोरीला मी सांगितलं की आजी फार व्यवस्थित होती. तिने वही मिटून माझ्यासमोर ठेवली.

हे पत्र त्याच मशीनवर लिहितोय. फार झटपट चालतं आता. पाठवायचं कुठे, म्हणून तुझ्या फाइलशेजारीच ठेवून देईन. एक मात्र कबूल करतो. यादी सात आकड्यांची आहे आणि मी पाचावर थांबलो. पोरीने आज सकाळी विचारलं, "बाबा, उरलेले दोन कधी वाचायचे?" मी म्हणालो, रविवारी पाहतो.

आज रविवारच आहे, आई.