आक्का, धूर जातो कुठं?

प्रिय आक्का,

आज आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पाडलं. तुमच्या हातानं सारवलेली भिंत ती, तुम्हाला न विचारता फोडली, म्हणून सांगायला बसले. माझं अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलेलं. सांभाळून घ्या.

झालं असं, की आपल्या सुरेशच्या बायकोनं, वैशालीनं, चिमणी हवी म्हणून हट्ट धरला. शेगडीच्या वर भिंतीला टांगतात, फोडणीचा धूर ओढून घेते म्हणतात. मला आधी संशय आला तो तिचाच. चार दिवस काकतीला माहेरी काय गेली, आणि आल्या आल्या चिमणी! भावजयीच्या घरी बघून आली असणार, दुसरं काय? फोडणी टाकताना खोकायची, ते पण मला जरा जास्तच वाटायचं.

तरी गेलो तिघं निपाणीच्या बाजारात. दुकानातला माणूस टाय लावलेला, बोलण्यात साखर. असा माणूस दिसला की माझा हात आपोआप पिशवीवर जातो. तुमचीच शिकवण ना ती? त्यानं बटण दाबलं, खालून एक कागद धरला, तो जाळीला जाऊन चिकटला.

"बघा आज्जी, कसा ओढला."

"बाबा, आमच्यात कागद तळत न्हाईत," मी म्हटलं. "धूर ओढला तर जातो कुठं, ते सांग."

मग त्यानं दुसरी दाखवली, बिनपाइपाची. भिंत फोडायला नको, आत कोळशाची जाळी आहे, तीच धूर खाते म्हणे. सुरेश खूश, कारण त्यानं भिंतीला लावलेल्या नव्या फरश्या वाचत होत्या. मी विचारलं, खाते ते ठीक, पण पुढं काय करते? तो नुसता हसला आणि जोडीदाराला कन्नडमध्ये म्हणाला, हाच पीस गळ्यात घालू, कधीचा पडून आहे, म्हातारीला काय कळतंय.

आता माझं माहेर चिकोडीकडचं, कन्नड बोलतच वाढले मी, हे त्या बिचाऱ्याला कुठं ठाऊक! मी पण कन्नडमध्येच विचारलं, वर धूळ बसलीय ती पण हीच खाणार काय? तुम्ही असता तर तोंडाला पदर लावून हसला असता.

त्या दुकानात एक शेगडी गॅसला जोडलेली होती, तिच्यावर त्यांचा चहा व्हायचा. आणि माझ्या पिशवीत वर्षाच्या चटणीसाठी घेतलेली संकेश्वरी मिरची होती. मी म्हटलं, ह्यातल्या मूठभर भाज इथंच, तुझ्या ह्या बिनपाइपाच्या चिमणीखाली. त्यानं चहाचं भांडं उतरवलं आणि शेजारून तवा आणवला.

तवा तापला, मिरच्या काळ्या पडल्या, धूर वर गेला, आणि वरच्या फटींतून तसाच आमच्या तोंडावर आला! टायवाला खोकला, त्याचा जोडीदार खोकला, मी शिंकून शिंकून बेजार. आमचं थांबलं. वैशालीचं मात्र थांबेना. पायरीवर जाऊन बसली, छातीवर हात, श्वास घेताना गळ्याच्या शिरा वर आलेल्या.

सुरेश माझ्या कानाशी आला. "आई, तू नगं लक्ष दिऊ. नाटक हाय तिचं."

आक्का, हे शब्द माझे होते.

आठवतंय तुम्हाला? चुलीवर आपल्या दोघी जावांची पाळी असायची, एक दिवस तुमची, एक दिवस माझी. त्या वर्षी मिरच्या भाजायची पाळी तुमच्यावर आली. तुम्ही खोकत मागच्या दारात जाऊन बसलात, आणि मी सासूबाईंना म्हटलं, "आक्का नाटक करत्यात, पाळी चुकवायला." तुम्ही ते ऐकलंत. उठलात, नाकाला पदर बांधलात आणि अख्खी बुट्टीभर मिरची भाजून काढलीत. मला एक शब्द बोलला नाहीत. का नाही बोललात? दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं!

पुढं तुमच्या शेवटच्या दुखण्यात बेळगावच्या डॉक्टरांनी विचारलं, ह्या चुलीपुढं किती वर्षं बसल्या? तुम्ही मला शेजारी बसवून म्हणालात, आमी दोघी आलटून पालटून बसलो. तुम्ही खोकत असताना मी काय बोलले होते, ते सांगितलं नाहीत. तेव्हाही तुम्ही मला वाचवलंत.

मी सुरेशला म्हटलं, "तुझ्या थोरल्या आईला मी असंच म्हणलं होतं. तिच्या खांद्यावर वाढलास तू." त्याची मान खाली गेली. मग मी पायरीवर वैशालीजवळ बसले, पाठीवरून हात फिरवत राहिले. श्वास खाली बसल्यावर ती म्हणाली, "आत्ती, काकतीला मी डॉक्टरला दाखवायला गेलते. दमा सुरू हाय म्हणाले. तुमी काय म्हणशीला, म्हणून बोलले न्हाई."

माझ्या भीतीनं पोर आजार लपवत होती. तुमच्यासारखीच.

पाइपाची घेतली आम्ही. सकाळी माणसं आली, दोन फरश्या गेल्या, त्यांचे तुकडे सुरेशनं स्वतः उचलले. बसवून गेली तरी माझा विश्वास बसेना. वैशालीला फोडणी टाकायला लावली आणि मी परसात जाऊन पाइपाच्या तोंडाशी हात धरून उभी राहिले. लसणीचा वास आला, मगच आत गेले.

आता शब्द देते, आक्का. यंदाची चटणी सुरेश भाजणार, बाहेर अंगणात, मी समोर बसून शिकवीन. आणि ह्या घरात कुणी खोकलं तर मी आधी गॅस बंद करीन. विचारायचं ते मग, आणि तेही एवढंच, की कधीपासून होतंय गं तुला.

तुमची धाकटी जाऊ,
शेवंता