बोरूची सोलपटं

चाचा, काल अंबाजोगाईला दवाखान्यात भाभी भेटली, तुमची सून, तेव्हापासून तुम्हाला लिहायचं डोक्यात आहे. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. आत्ता मांजरसुंब्याला धाब्याच्या मागच्या बाजेवर बसलोय. एका ट्रकच्या फाळक्यावर नाव रंगवायचं होतं, ते झालं, रंग वाळतोय. तुमचा डबा कुणी रिकामा केला ते तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मला माहीत होतं. एवढंच सांगायचंय, पण माझं कसं आहे तुम्हाला माहीत आहे, सरळ रस्त्यानं मी कधी कुठं पोचलो नाही.

मी तुमच्या दुकानात आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, अकरावीत दोनदा नापास. वडगावहून निघालो होतो मोटार दुरुस्ती शिकायला, आणि तुम्ही शिडीवर उभं राहून कापड दुकानाची पाटी लिहीत होता ते बघत बसलो, संध्याकाळपर्यंत. गॅरेजवाल्याकडं गेलोच नाही. तुम्ही खाली उतरलात आणि म्हणालात, "काहून बसलास रे? घर न्हाई का?" मी म्हणालो, आहे, पण घरी मेंढरं आहेत. तुम्ही हसलात. मग बापाचं विचारलंत, त्याच्या खांद्यावरच्या घोंगड्याचं विचारलंत, आणि तिथंच, हातावरचा रंग घासलेटनं पुसत, पहिला धडा दिलात. सूफ म्हणजे लोकर. पहिले सूफी म्हणजे जाडंभरडं लोकरीचं नेसून हिंडणारी माणसं, रेशमातल्या दरबाराकडं पाठ करून बसलेली. "म्हंजे तुझा बाप माझ्यापरीस जुना सूफी हाय. मी तर टेरिकॉट घालतो."

पाट्यांवर पोट चालायचं, पण तुमचा खरा जीव बोरूत होता. जुन्या दर्ग्यांवरच्या, मशिदींवरच्या ओळी उतरवून काढायच्या, पुसलेल्या पुन्हा लिहायच्या. मला तुम्ही वर्षभर नुसता ठिपका काढायला लावलात. नुक्ता. बोरू तिरका टेकवायचा, दाबायचा, उचलायचा. मग अलिफ, पहिलं अक्षर, नुसती उभी रेघ, सात नुक्त्यांच्या उंचीची. शेजारचा रेडियमवाला मला चिडवायचा, "काय बे, मौलवी व्हतो का आता?" मी चिडायचो. तुम्ही त्याला म्हणायचात, "त्याला सरळ उभं राहाया शिकवतोय. तू बी ये."

दुपारी काम थांबलं की तुम्ही बोलायचात. कुठल्या कॉलेजात मला ते कुणी सांगितलं असतं? आधीची ही सूफी माणसं लई भ्यायची म्हणे, कयामतला भिऊन रात्रंदिवस रडायची. मग त्या भीतीत कुठनं तरी प्रेम शिरलं, आणि बोलायची तऱ्हाच बदलली. देव आधी मालक होता, तो यार झाला. मग एकेकटी रडणारी माणसं गुरूजवळ बसायला लागली, गुरूचा हात हातात घेऊन. त्या गुरूनं त्याच्या गुरूचा धरलेला, अशी साखळी. ती साखळी दिल्लीहून इकडं दौलताबाद-खुलताबादला उतरली, आणि इथं आल्यावर तिनं बायकांची बोली उचलली. जात्यावर म्हणायची, चरख्यावर म्हणायची दखनी गाणी केली. जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, दळणारी बाई म्हणजे जीव, असलं काहीतरी. मी म्हणालो, माझी आई पण जात्यावर म्हणायची. तुम्ही म्हणालात, "मग तुला माझ्याकडं कशाला पाठवलं तिनं?" भाभी आतून ओरडली, "अब्बा, त्याला जेवू तर द्या आधी."

आणि मग तुम्ही हे सगळं माझ्या हातातल्या बोरूशी आणून जोडायचात. तेच मला सगळ्यात आवडायचं. अक्षराचीपण तशीच साखळी, हाताकडून हाताकडं. उस्तादानं इजाजत दिल्याशिवाय शागिर्दानं कामाखाली स्वतःचं नाव घालायचं नाही. सगळी अक्षरं एका नुक्त्यातून निघतात आणि मोजलीही त्याच नुक्त्यानं जातात, म्हणून त्या लोकांना लिहिणं हीच इबादत वाटली. गावाबाहेरच्या त्या लहान दर्ग्यात आपण चुना काढत होतो तेव्हा तुम्ही मला जमिनीवर उताणं झोपवलं होतं. वर बघ म्हणालात. खाली चौकोन, त्याच्यावर अष्टकोन, त्याच्यावर घुमट. "चौकोन जमीन. गोल आस्मान. मधले आठ कोपरे म्हंजे आपण, इकडचे न्हाई, तिकडचे न्हाई." जाळीतल्या चांदण्या कुठून सुरू होतात ते मला शोधायला लावलंत. सापडलं नाही. मला मधेच एका चिमणीचं घरटं दिसलं आणि मी तेच बघत बसलो.

डब्याचं सांगतो. फळीवर, काजळीच्या शाईच्या बाटल्यांच्या मागं, डालड्याचा मोठा डबा होता. तुम्ही बोरू तासला की सोलपटं खाली पडायची, ती वेचून त्यात टाकायचात. मला वाटायचं, म्हाताऱ्याला सवय आहे, काही फेकवत नाही. हिवाळ्यातली सकाळ होती. तुम्ही डोळे दाखवायला गेलेले, भाभी पोरीला शाळेत सोडायला. दारात एक टेम्पो थांबला, कव्वालीची पार्टी, कुठल्याशा उरुसाला निघालेली. एकाच्या मांडीवर हार्मोनियम. मी त्यांना आत बोलावलं, बसवलं, चहा ठेवतो म्हणालो. शेगडीतले कोळसे दमट. फुंकून फुंकून डोळ्यांत पाणी आलं. ते हसायला लागले, "मियाँ, चहा की मोहरम?" मी डबा काढला आणि ओंजळीनं घालत गेलो. सुकलेला बोरू काय पेटतो, चाचा. तळापर्यंत संपवला. आठ माणसांचा चहा झाला. डबा परत फळीवर ठेवला, आणि त्यांच्याच टेम्पोत बसून मी चार दिवस उरुसाला गेलो. तुम्हाला सांगूनही नाही.

परत आलो तर दारातच तुमचा आवाज. तुम्ही कधी भाभीवर आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. "चाळीस वर्साचं व्हतं ते, कचरा म्हनून फेकलंस. तुझ्या हातानं काय म्हनून ऱ्हात न्हाई घरात." ती म्हणत होती, "अब्बा, मी न्हाई हात लावला. शपथ घेते." मी चपला हातात घेऊन उभा. मग तुम्ही खाली बसलात आणि मला बघून, जणू मी परकाच, समजावून सांगितलंत. कलम चालवणारा माणूस आयुष्यभर छिलके साठवतो. मेल्यावर त्याला आंघोळ घालतात ते पाणी त्याच छिलक्यांवर तापवायचं. तुमच्या उस्तादाचं तुम्हीच तापवलं होतं. "जितकं लिव्हलं तितकं जळतं," तुम्ही म्हणालात, आणि मला पाणी मागितलंत. मी पाणी दिलं. उद्या सांगू म्हणालो मनात. दुसऱ्या दिवशी तुम्ही एक बोरू तासलात आणि त्याची सोलपटं त्याच रिकाम्या डब्यात टाकली. तो आवाज पत्र्यावर झाला, आणि भाभी दारातून आत वळली.

भाभी त्यानंतर दुकानातली झाडलोट करेनाशी झाली. तेवढं काम माझ्याकडं आलं, आणि ते मी मुकाट्यानं करत होतो, जसं काही फेडतोय.

दीड वर्षानं दर्ग्याचं काम संपलं. दारावरच्या ओळीचा अर्धा भाग माझा होता. तुम्ही खालून बघितलंत, बराच वेळ, एक डोळा मिटून. मग म्हणालात, "कोपऱ्यात तुझं नाव घाल. देवनागरीत घातलं तरी चालंल." इजाजत होती ती. मी म्हणालो, उद्या घालतो. पहाटेच्या एसटीनं मी निघून गेलो. नाशिक, मग सुरत, मग आठवत नाही. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत म्हणे, पोरगं वारा हाय, वाऱ्याला कोण धरतं. तसं नव्हतं चाचा. हिंडणं माझ्या अंगात आहे, पण त्या दिवशी मी हिंडायला गेलो नव्हतो. त्या साखळीत माझं नाव कसं घालू, भाभी खाली उभी राहून वर बघत असताना?

तुम्ही गेलात ते मला चार महिन्यांनी कळलं.

काल भाभी दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसलेली, गुडघ्याला पट्टा. मला ओळखलं. "अब्बा लई काढायचे तुझं नाव," म्हणाली. तुम्ही गेलात त्या दिवशीचं तिनं सांगितलं. आत गॅस होता, पण तिनं अंगणात तीन दगड मांडले. डब्यात दोन ओंजळीच जमलं होतं, तेवढं तिनं सगळ्यांत आधी लावलं. घागरीला धग लागायच्या आत संपलं. पुढं पऱ्हाटीच्या वाळक्या काड्या घालून पाणी तापवलं. मग ती गुडघा चोळत म्हणाली, "त्यो पहिला डबा मीच ओतला असंल रे. तवा शपथ घेतली व्हती मी, पर आता डोळ्यासमोर तसंच येतं. मी झाडतेय, डबा काढतेय, उकिरड्यावर झटकतेय. म्हाताऱ्याचं मरण मी थंड केलं." आणि मला विचारलं, "तू व्हतास तिथं. तुला काय वाटतं?"

चाचा, मी म्हणालो, "असंल भाभी. व्हतं तसं." तिच्या हातातली पिशवी घेतली, एक्स-रेच्या खोलीपर्यंत नेऊन दिली, आणि गाडी आली म्हणून निघालो. गाडी आलेली नव्हती.

हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं. तिचा पत्ता मला पाठ आहे, तोच आहे. सकाळी कागद घेतला तेव्हा वर "भाभी" असंच लिहिलं होतं. तो कागद फाडला आणि हा तुमच्या नावानं सुरू केला. तुम्ही उठून तिला सांगायला जाणार नाही, एवढ्यासाठीच.