टाकीखालचा बाजार

बाबा, काल मी आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीपाशी ड्रोन उडवला. तुम्ही गेलात तेव्हा हे यंत्र गावात कोणी पाहिलं नव्हतं. आता जुन्या टाक्या, पूल तपासायला माणूस चढवत नाहीत. मी खाली उभी राहून कॅमेरा वर पाठवते. जिल्ह्यातल्या कितीतरी टाक्या पाहिल्यात, पण किन्हीराजा गाव मागं टाकून आपल्या फाट्यावर वळले तशी गाडी आपोआप हळू झाली.

आठवडी बाजार होता. भाजीवाल्या बाया टाकीच्या सावलीतच बसलेल्या. ड्रोन मी लांबूनच फिरवला, कॅमेऱ्यानं टाकीचं बूड जवळ ओढलं, आणि पडद्यावर दिसलं: सिमेंट गळून पडलेलं, गंजक्या सळ्या उघड्या, मधून ओली भेग. तिच्या बरोबर खाली एक बाई लेकराला पाजत होती. मी सरपंचांना बोलावून पडदा दाखवला, बाजार उठवायला सांगितलं.

सरपंच म्हणाले, "इतकी वर्सं उभी हाय, बाई. आज बाजार होऊ द्या, उद्या पाहू."

"आज दुपारी पडली तर?"

ते पाठ फिरवून निघाले. मग मीच एकेकीची टोपली उचलायला लागले. बाया चिडल्या, बोलल्या, पण उठल्या.

पलीकडे निंबाखाली एकटीच बसलेली म्हातारी हे सगळं पाहत होती. "तू पाणी सोडणाऱ्याची पोरगी ना? तुह्या बापानं मले कवाच सांगतलं होतं, तिथं नोको बसू, वरून पोपडे पडून राह्यले."

"बाबानं बाकीच्यांले काहून नाही सांगतलं?" मी विचारलं.

"टाकी बंद झाली असती तं गावाले पाणी कोठून देल्लं असतं त्यानं?"

ऐकता ऐकता आठवलं: मी आठेक वर्षांची असेन. टाकीखाली मैत्रिणींबरोबर सागरगोटे खेळते आहे. तुम्ही येता, काही न बोलता थोबाडीत मारता, फरफटत घरी नेता. आई विचारते, "काहून मारलं तिले?" तुम्ही खाली मान घालून जेवत राहता. त्या एकाच माराचं कारण मी इतकी वर्षं शोधत होते. ते काल कळलं. मला तुम्ही ओढून नेलंत, बाबा. बाकीच्या पोरी तिथंच खेळत राहिल्या.

संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी करून घेतली, भोवती काटेरी फांद्या लावल्या. ती अजून उभी आहे. तरी फोन वाजला की वाटतं, पडली.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून सांगते. अहवालात एक रकाना होता: धोका प्रथम केव्हा लक्षात आला. मी कालची तारीख लिहिली.