आत्येची चार मजली मुंबई

मुलुंड पूर्व,
श्रावण १९८७

प्रिय आत्ये,

तू जाऊन वर्ष होऊन गेलं. एवढ्या दिवसांत तुला मनातही फारसं काही सांगितलं नाही, आणि आज एकदम कागद घेऊन बसले आहे. उद्या माझ्या थोरल्या जाऊबाई, सुमनताई, रत्नागिरीहून आठ दिवसांसाठी येतायत. मार्गशीर्षात भाऊजी गेले, त्यानंतर त्या पहिल्यांदाच घराबाहेर पडतायत. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. म्हणजे त्यांना दाखवायला माझ्याकडे ही बिल्डिंगच आहे. त्यात मंगळवारी दुसऱ्या मजल्यावर कानडेवहिनींच्या सुनेची मंगळागौर. "जाऊबाईंना एकट्या घरात बसवून येऊ नका हं, त्यांनाही आणा," असं वहिनी जिन्यात म्हणाल्या. मी "बघते" म्हटलं आणि खाली आले.

नक्की काय बघणार होते मी?

तूही गावाकडची भाताची लावणी आटोपून अशीच पावसात आली होतीस. तीन वर्षं झाली. साठीला आलेली तू, आणि मुंबई पहिल्यांदा बघत होतीस. मी यादी केली होती: राणीची बाग, गेटवे, महालक्ष्मी. पहिल्या दिवशी गाड्या बंद पडल्या, दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी. मी खिडकीत उभी राहून चरफडत होते. तू मागून म्हणालीस, "मुंबय म्हणजे घरांच ना? मगे घरांच बघूया."

मला ते हास्यास्पद वाटलं, हे आज कबूल करते. तरी निघालो. तू थंडी वाजते म्हणून माझी शाल गळ्याभोवती घट्ट लपेटून घेतलीस.

तळमजल्यावर पाण्याचा पंप बघितलास. पाणी चार मजले चढतं हे तुला पटेना, म्हणून पाइपाला कान लावून उभी राहिलीस. चौथ्या मजल्यावर जयाबेनच्या हॉलमधल्या झोपाळ्यावर बसलीस. जयाबेन म्हणाली, "मासी, जोर से!" तू म्हणालीस, "पडलंय तर हाडां कोण येचतलो?" दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघी हसत होतात. मी घड्याळ बघत होते. का, ते आठवत नाही. मला तर कुठे जायचं नव्हतं.

मग कानडेवहिनींचं घर. त्यांचा नवा रंगीत टीव्ही दुपारी बंदच असायचा, तो तू बंदच बघितलास. काचेच्या पेटीतल्या माशांपुढे मात्र उकिडवी बसलीस.

"हे कधी खातत गो?"

"अहो आत्या, शोभेचे आहेत ते," वहिनी म्हणाल्या.

"शोभेक मासे? मगे तुमी खातास काय, फुलां?"

वहिनींना इतकं हसू आलं की चहा उतू गेला. निघताना त्या करंडा घेऊन आल्या. "पहिल्यांदाच आलात आत्या, कुंकू लावते." त्यांची चूक नव्हती. बाहेर अंधारून आलं होतं, तुझ्या कपाळावरचं हिरवं गोंदण लांबून टिकलीसारखं दिसत होतं आणि गळा शालीत होता. तू विधवा आहेस हे त्यांना कळणार कसं?

पण तुला तर माहीत होतं ना, आत्ये? आणि तू पदर थोडा मागे सारलास, डोळे मिटलेस आणि कपाळ पुढे केलंस.

मी वहिनींचं मनगट धरलं. "त्यांना नको."

वहिनी ओशाळल्या. "अगबाई, लक्षातच आलं नाही. साखर तरी घ्या." तू डोळे उघडलेस. पदर पुढे ओढलास, हात पसरून साखर घेतलीस आणि म्हणालीस, "काय नाय गो." ते तू वहिनींना म्हणालीस की मला?

साखर तू खाल्ली नाहीस. मुठीत धरून जिना उतरलीस आणि मोरीत हात धुतलास. मी दाराशी उभी होते. तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "माका इचारलंस काय?"

"आत्ये, तुलाच अवघडल्यासारखं झालं असतं."

"माका खय झाला? तुका झाला."

मग लसूण सोलायला बसलीस. तिसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला. मी महालक्ष्मीला चल म्हटलं, तर म्हणालीस, "नको चेडवा. बघलंय मुंबय." त्या दुसऱ्या दिवसाची माझी डायरी आज काढून वाचली. "आत्येला बिल्डिंग दाखवली. मासे आवडले." बस, एवढंच. रोज रात्री खरं लिहायचं असा माझा नेम, आणि मनगट धरल्याचा एक शब्द नाही.

मी बी.ए. झालेली. कॉलेजात विधवांच्या स्थितीवर निबंध लिहून बक्षीस घेतलेली. तुझे यजमान गेले तेव्हा तू चोवीस वर्षांची होतीस, हे त्या निबंधात मी तुझं नाव न घेता वापरलंही होतं. मग माझा हात इतक्या चटकन पुढे कसा गेला? वहिनींसमोर तुझी शोभा होऊ नये म्हणून, असं मी बरेच दिवस मानलं. आता वाटतं, माझी होऊ नये म्हणून. छत्तीस वर्षांनी कुणीतरी तुला विचार न करता सवाष्ण समजलं होतं, आणि तुला ते क्षणभर हवं होतं. की तुला नुसतं पाहुणीसारखं वागवून घ्यायचं होतं? बघ, अजूनही तुझ्या वतीने मीच ठरवतेय.

आणि पत्रं! त्यानंतरही तुला दोन वर्षं पाठवत राहिले, आणि प्रत्येक पाकिटावर सवयीने "गं. भा." लिहिलं. पोस्टमनलाही कळायला हवं होतं की तू विधवा आहेस. तू एकाही पत्राचं उत्तर पाठवलं नाहीस. लिहून द्यायला शेजारी कुणी मिळालं नसेल, अशी मी समजूत काढली. सोपी समजूत होती.

सुमनताई तुझ्यासारख्या नाहीत. त्या फटकन काही बोलणार नाहीत, मनातच ठेवतील. म्हणून मला जास्त भीती वाटते. त्यांना मंगळागौरीला नेलं नाही, तर तेही मनगट धरणंच झालं. न विचारता नेलं, तर तेही.

मोठं वचन देत नाही, कारण माझा हात मला माहीत आहे. एवढंच करीन. मंगळवारी वर जाण्याआधी, घरातच, दार लावून सुमनताईंना विचारीन: यायचंय का, आणि आलात तर कुंकू हवंय का. यायला नको म्हणाल्या, तर दोघी घरी बसून चहा पिऊ. कुंकू हवं म्हणाल्या, तर करंडा पुढे आला की वहिनींना मोठ्याने सांगेन, "आधी सुमनताईंना, मग मला."

तुझी,
शालू